पाच हात वर, पाच हात खाली

साखरकोंड, ता. राजापूर
२४ जानेवारी १९९९

प्रिय दमू,

ईद झाली, शीरखुर्म्याचं पातेलं घासून झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आता कुठे तुला पत्र लिहायला हात मोकळा झाला. डी.एड.च्या वसतिगृहात तू माझा शीरखुर्मा चोरून खायचीस, तेव्हा यंदा तुझ्या वाटणीचा मीच खाल्ला. रागावू नकोस.

बातमी अशी की तुझी मैत्रीण आता नुसती शाळेतली बाई राहिली नाही. ती ‘दोन काठ मंडळ’ या नोंदणीकृत संस्थेची सचिव आहे! शिक्का करून घेतलाय, जांभळ्या शाईचा. दिसेल त्या कागदावर मारते.

गेल्या जूनमध्ये पऱ्यावरचा, तुमच्या भाषेत ओढ्यावरचा, लाकडी साकव वाहून गेला आणि पलीकडच्या वाडीतून शाळेत यायची वाटच बंद झाली, हे तुला लिहिलं होतंच. रस्त्याने फिरून यायचं तर तीन मैल. मुलगे रडतखडत आले. सातवीतल्या चौघी मुली मात्र घरी बसल्या त्या बसल्याच. पऱ्या आटला, दिवाळी झाली, तरी आल्या नाहीत. तोवर त्यांच्या हातात घरची कामं आली होती. मी त्यांची नावं पटावरून काढलेली नाहीत. रोज हजेरीत पुकारते. त्यांतल्या आरोहीचं नाव घेतलं की वर्ग क्षणभर गप्प होतो, मग मी पुढचं नाव घेते.

यंदा पाऊस लागायच्या आत नवा साकव उभा राहिला पाहिजे. नाहीतर या चौघी कायमच्या गेल्या, आणि त्यांच्यामागून पाचवी-सहावीतल्याही जातील. पक्क्या पुलाचा सरकारी कागद तर तीन वर्षं फिरतोय. म्हणून आम्हीच सातजण उभे राहिलो.

मोहल्ल्यातून मी, सुलेमानचाचा (तीस वर्षं जहाजावर सुतार होते), ताजबीखाला (चहा आणि हुकूम), आणि दुबईला परांच्या बांधून परत आलेला रेहान. वाडीतून महिपतदादा, ज्यांच्या हातची जांभ्या चिऱ्याची भिंत हत्तीलाही हलायची नाही, आणि बालवाडीच्या गंगाताई. आरोही त्यांची पुतणी. सातवा दादू. तो मुंबईला असतो, सहीपुरता.

तू नाशकात छोट्या संस्थांना हेच शिकवतेस ना? मग शिकव की मला. फुकट.

तुझी,
कौसर (सचिव)

*

नाशिक
२ फेब्रुवारी १९९९

प्रिय सचिवबाई,

शिक्का पाहिला. पाकिटावर दोन, पत्रावर तीन. पोस्टमन मला मोठ्या आदराने बघत होता.

आमच्या प्रशिक्षणात गटाच्या वाटचालीचे टप्पे शिकवतो. आधी माणसं जमतात आणि एकमेकांशी जपून वागतात. मग वादळ येतं. मग हळूहळू घडी बसते, आणि त्यानंतर काम आपोआप वाहायला लागतं. शेवटी निरोपाची वेळ येते, पण ती तुमच्यापासून लांब आहे.

माझं ऐकशील तर वादळ येऊच देऊ नकोस. तुमच्याकडे वेळ कमी, काठ दोन आणि माणसं दोन तऱ्हांची. पहिल्याच बैठकीत नियम कर, की काम पुरं होईपर्यंत वाद काढायचा नाही. कुणाला काही खटकलं तर गिळायचं. मोठ्यांचा मान राखायचा. वादळाचा टप्पा वगळून तुम्ही थेट घडीवर जाल बघ.

इकडे सगळं छान. मीही सहाजणींचं मंडळ चालवते, रुग्णालयात रोग्यांच्या नातेवाइकांना डबे पोहोचवणारं, हे तुला ठाऊकच आहे. तेही मजेत चाललंय.

तुझी दमू

*

साखरकोंड
१९ फेब्रुवारी १९९९

प्रिय दमू,

तू जादूगार आहेस! नियम केला आणि तो असा काही पाळला जातोय की मलाच माझा हेवा वाटतो.

पऱ्याच्या मधोमध एक मोठा कातळ आहे, त्यावर मधला खांब आधीच बांधून झाला. त्या खांबातून सरळ जाणारी रेघ आम्ही दोन्ही काठांवर चुन्याने आखली. आता आमच्या काठावर सुलेमानचाचा आणि रेहान चौथरा बांधतात, पलीकडे महिपतदादा आणि गंगाताई. मग चौथऱ्यापासून खांबापर्यंत माडाच्या सरळ खोडांचे सोट टाकायचे, वर फळ्या. झाला साकव.

पहिला चिरा कुणी बसवायचा यावर अर्धा तास गेला. चाचा म्हणाले, “महिपत, तू बसव, तू गवंडी.” महिपतदादा म्हणाले, “छे छे, चाचा, तुम्ही वडील.” “अरे, मान तुमचा.” “नाय नाय, तुमचाच.” शेवटी ताजबीखालांनी चहा निवतोय म्हणून ओरडल्यावर दोघांनी आपापल्या काठावर एकदमच बसवला.

एवढी सभ्य माणसं मी कुठल्याच बैठकीत पाहिली नाहीत. पंचायतीत हीच माणसं छपराची कौलं उडवतात.

कालपासून मात्र महिपतदादा काम करताना मधेच थांबतात, आमच्या काठाकडे बघतात आणि टोपी काढून डोकं खाजवतात. मी विचारलं, “दादा, काय?” तर म्हणाले, “काय नाय बाय. झक्कास चाललाय.” गंगाताईही आताशा गप्प असतात. दमल्या असतील.

कौसर

*

नाशिक
२७ फेब्रुवारी १९९९

प्रिय कौसर,

गंमत सांगू? परवा त्र्यंबकच्या अकरा संस्थांच्या शिबिरात मी तुमच्या मंडळाचं उदाहरण दिलं. ‘वादाशिवाय काम करणारा गट, साखरकोंड.’ लोकांनी लिहून घेतलं. एकाने तर स्पेलिंग विचारलं.

घाईत आहे. शिमग्याचा नारळ माझ्या वाटचा ठेव.

दमू

*

साखरकोंड
१५ मार्च १९९९

दमयंती,

प्रिय नाही लिहीत. ज्यांनी लिहून घेतलं त्या अकरा संस्थांना कळव, की खोडा.

काल दोन्ही चौथरे पुरे झाले. सोट कापून तयार होते. सगळे मधल्या खांबापाशी जमलो. आणि मग जे गेले तीन आठवडे सगळ्यांना दिसत होतं ते एकदाचं सगळ्यांनी मिळून पाहिलं. आमचा चौथरा चुन्याच्या रेघेपासून पाच हात वरच्या अंगाला आहे. त्यांचा पाच हात खालच्या अंगाला. समोरासमोर म्हणून बांधलेले दोन चौथरे एकमेकांपासून दहा हात सरकलेले! एक घाटाकडे निघालाय, दुसरा समुद्राकडे.

मला कळेना की रडावं की काय करावं. मी विचारलं, “हे कुणाला दिसलं नाही?” ताजबीखाला हळूच म्हणाल्या, “मला दुसऱ्याच दिवशी दिसलं गो. पण तूच म्हटलंस ना, वाद नको.”

आणि खरं सांगू? मलाही दिसलं होतं. शनिवारी सकाळी शाळेत जाताना. मी मनाला म्हटलं, तुला बांधकामातलं काय कळतं, आणि पुढे चालू लागले. तुझा नियम पाळला मी. खटकलं ते गिळलं.

आता पाऊस लागायला बारा आठवडे, चिरे संपलेले, आणि सगळे आपापल्या घरात गप्प बसलेले. आज हजेरीत आरोहीच्या नावापाशी आले. वगळलं मी ते, दमू. पहिल्यांदाच.

सांग आता, तुझ्या पुस्तकात हा कुठला टप्पा?

कौसर

*

नाशिक
२१ मार्च १९९९

कौसर, माझे बाय,

हा अजून पहिलाच टप्पा. तुम्ही तिथून हललाच नाहीत, आणि तुम्हाला तिथे मी धरून ठेवलं.

टप्पा गाळता येत नाही, हे मी चाळीस संस्थांना फळ्यावर लिहून दाखवलंय. वादळ आल्याशिवाय माणसाला समोरच्याच्या पोटातलं कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कुठलीच घडी बसत नाही. तुला मात्र उलटं सांगितलं. का, ते आता लिहिते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

माझं मंडळ मजेत चाललेलं नाही. म्हणजे चाललं असेल, पण मी त्यात नाही. डिसेंबरात मोठं भांडण झालं. गोदाताई, जी आमच्यातली सगळ्यात साधी, पोळ्या करणारी बाई, ती सगळ्यांसमोर म्हणाली, “दमयंती, तू आमच्याशी बोलत नाहीस. तू आम्हाला शिकवतेस.” मी पिशवी उचलली आणि घरी आले. त्यानंतर गेलेच नाही. वादळावर व्याख्यानं देणारी बाई पहिल्याच वाऱ्याला पळाली. तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, निदान कौसरवर ही पाळी नको. भीती माझी होती आणि नियम तुझ्या गळ्यात मारला. मला माफ कर.

आता उपाय सांगत नाही, मागचा पुरे झाला. फक्त एवढंच म्हणते, त्यांना भांडू दे. आणि तू मधे पडू नकोस.

दमू

*

साखरकोंड
३ एप्रिल १९९९

प्रिय दमू (पुन्हा प्रिय),

आधी पाणी पी, मग वाच. हसून ठसका लागेल.

बकरी ईद झाली तशी मी सगळ्यांना पऱ्यात बोलावलं, दोन चौथऱ्यांच्या मधे, कोरड्या गोट्यांवर. म्हटलं, नियम रद्द. ज्याच्या पोटात जे असेल ते काढा, आणि पोट रिकामं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि मी खाली बसले.

मग महिपतदादांनी टोपी काढली. “चाचा, इचारतो म्हणून राग धरू नका. तुमचा चौथरा कुठं चाललाय? घाट चढायला?”

“आणि तुझा रे?” चाचा उसळले. “दर्यात उडी मारायला?”

झालं! एक तास पऱ्या दणाणला. रेहान म्हणाला दुबईत असं काम केलं असतं तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवलं असतं. महिपतदादा म्हणाले, मग बस की विमानात. गंगाताईंनी दोघांना धुतलं. मलाही म्हणाल्या, “बाई, तुम्ही शिक्के मारण्यापलीकडं काय केलंत?” लागलं मला. पण बसून राहिले.

मग गंगाताईंनीच खरा प्रश्न विचारला. “पण चाचा, रेघ आखलेली होती. तुम्ही सरकलात कशाला?”

चाचा जमिनीकडे बघायला लागले. मग म्हणाले, “तुमच्या काठावर राखणदाराचा दगड हाय. रेघ त्याला अगदी लागून जात होती. आमची माणसं चपला घालून तिथनं जाणार, बरं दिसलं नसतं. म्हटलं आपण पाच हात वर सरकू. आमचा चौथरा बघून महिपत आपला समोर घेईल. तोंडानं बोलायला नको.”

महिपतदादांचं तोंड उघडंच राहिलं. “अवो चाचा, राखणदार वरच्या अंगाला हाय! वर सरकलात म्हणजे त्याच्या डोक्यावरच आलात की!”

“तू का सरकलास?”

“तुमच्या कबरस्तानाचा कोपरा. आमची पोरं साकवावरनं उड्या मारत जाणार, तुमच्या वडीलधाऱ्यांची झोप मोडणार. म्हटलं पाच हात खाली घेऊ. माझा बघून चाचा सरळ करतील.”

“अरे, पण कबरस्तान खालच्या अंगालाच हाय!” चाचा म्हणाले.

ऐकतेस ना, दमू? दोघांनी एकमेकांच्या देवाघरच्या जागा सांभाळायला आपापला चौथरा हलवला होता, एकमेकांना न विचारता, आणि तीन आठवडे दोघं मनात म्हणत होते की समोरच्याला कळत कसं नाही! ताजबीखाला आधी हसल्या. मग सगळेच. चाचांच्या डोळ्यांतून पाणी.

पण थांब, संपलं नाही. हसून झाल्यावर चाचा म्हणाले, “माझी चूक. माझा चौथरा फोडतो.” महिपतदादा म्हणाले, “असं कसं, माझा फोडतो.” “नाही नाही, माझाच.” “तुम्ही वडील, तुमचा नको.” पुन्हा तेच सुरू! आता गंगाताई उठल्या आणि कमरेवर हात ठेवून अशा ओरडल्या की वाडीतले कुत्रे भुंकायला लागले. “ह्या मानापायी माझी पुतणी चुलीपुढं बसलीय! मान घरात ठेवा नि दोरी आणा!”

दोरी कुणाकडे नव्हती. ताजबीखाला घरी गेल्या आणि वाळत घालायची दोरी सोडून घेऊन आल्या, एक ओला फडका तिला अजून लटकत होता. रेहानने एक टोक आमच्या चौथऱ्याच्या मधोमध धरलं, गंगाताईंनी दुसरं त्यांच्या. ताणली. आणि ती दोरी, दमू, बरोबर मधल्या खांबावरून गेली! आम्ही पाच हात वर, ते पाच हात खाली, दोन्ही सारखे, म्हणजे खांब मधेच राहणार ना. साकव तिरका होईल एवढंच. राखणदारही सुटला आणि कबरस्तानही. कुणाचाच चौथरा फोडायला नको.

अडचण एकच. तिरकं अंतर जास्त, आणि कापलेले सोट दोन्हीकडे हातभर आखूड. पुन्हा भांडण लागलं, पण ते निराळं होतं. कुणी कुणाला जपत नव्हतं, सगळे सोटांकडे बघून भांडत होते. शेवटी ठरलं की दोन्ही चौथऱ्यांचे वरचे थर पऱ्याच्या बाजूला हात-हातभर पुढे काढायचे. खालून आधाराला परांची कशी बांधायची ते रेहान सांगणार, चिरे महिपतदादा बसवणार, दोन्ही काठांवर. वीसेक चिरे लागतील. चाचा म्हणाले, माझ्या परसाची गडग्याची भिंत काढा, नाहीतरी तिथून बकऱ्याच आत येतात.

घरी येताना पाय हलके होते. तू गोदाताईचं बोलणं ऐकून निघून आलीस. मी गंगाताईंचं ऐकून बसले, तेही तू सांगितलंस म्हणून. मला माफी नको तुझी. माझ्याकडे आता चांगलं भांडणारं मंडळ आहे.

कौसर

*

साखरकोंड
२२ मे १९९९

प्रिय दमू,

तुझं उत्तर नाही. म्हणजे तू विचारात आहेस. विचार कर, मी बातम्या देते.

आमच्या बैठकीला आता रीत पडली आहे. आधी प्रत्येकाने पोटातलं एक काढायचं, मग चहा. ताजबीखाला किटली मांडीवर धरून बसतात. कुणाकडे काहीच नसेल तर म्हणतात, “खोटं बोलतोस, बघ आठवून.” मागच्या वेळी चाचांनी बऱ्याच कष्टाने सांगितलं की चहात साखर कमी असते. खाला दोन दिवस बोलल्या नाहीत. पण साखर वाढली.

काम कसं चाललंय ते बघायला तू हवी होतीस. दोन्ही चौथरे पुढे काढायला बारा दिवस पुरले. महिपतदादा नुसता हात मागे करतात आणि रेहान त्यात हवं ते ठेवतो, शब्द नाही. मी मधे आठ दिवस तापाने पडले होते. उठून काळजीने पऱ्यावर गेले, तर सोट चढलेले, अर्ध्या फळ्या ठोकलेल्या, दोन बैठका झालेल्या. गंगाताईंनी माझा शिक्कासुद्धा मारून ठेवला होता, जरा वाकडा. मला कुणी विचारलं नाही की बाई, तुमच्याशिवाय कसं झालं. आधी थोडं टोचलं. मग इतका आनंद झाला की तिथेच चौथऱ्यावर बसून घेतलं.

आता तुझ्या पोटातलं काढ. गोदाताईकडे गेलीस की नाही?

कौसर

*

नाशिक
१० जून १९९९

प्रिय कौसर,

गेले.

तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले, म्हणून उत्तर नव्हतं. चौथ्यांदा गोदाताईनेच खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, “आत ये, नाहीतर पिठात हात आहेत तशी बाहेर येईन.” आत बाकीच्या चौघीही होत्या. दोन तास भांडलो. मी एकदाही फळ्यावर लिहिल्यासारखं बोलले नाही, आणि ते किती कठीण गेलं ते मलाच माहीत. त्यांचंही सगळं बरोबर नव्हतं, तेही मी सांगितलं. मग सहाजणींनी एकोणचाळीस डबे भरले. माझ्या हातची भाजी खारट झाली. गोदाताईने ते तोंडावर सांगितलं. मला मिठी मारावीशी वाटली, मारलीही.

त्यांना मी तुमच्या तिरक्या साकवाची गोष्ट सांगितली. आता सहाहीजणींना तो बघायचाय. पंचवीस तारखेला निघतो. राजापूरला उतरून पुढे कुठली एस.टी. धरायची ते कळव.

त्र्यंबकच्या अकरा संस्थांना पत्रं टाकली. खोडा म्हणून नाही. पुढचं लिहून घ्या म्हणून.

दमू

*

साखरकोंड
१८ जून १९९९

प्रिय दमू,

राजापूर स्टँडवरून दुपारी अडीचची गाडी धर. कंडक्टरला ‘तिरका साकव’ सांगितलंस तरी पुरे, तोच आता थांब्याचं नाव झालाय.

तुम्ही येणार म्हटल्यावर बैठकीत कडाक्याचं भांडण झालं. चाचा म्हणतात सहाहीजणी मोहल्ल्यात उतरतील, घर मोठं आहे. महिपतदादा म्हणतात वाडीतच, पाहुण्यांना चढ चढायला लावायचा नाही. हेच फेब्रुवारीत असतं तर दोघंही ‘तुमच्याकडे, तुमच्याकडे’ करत राहिले असते आणि तुम्हाला एस.टी. स्टँडवर झोपावं लागलं असतं. आता दोघंही ‘आमच्याकडेच’ म्हणून टेबल बडवतायत. मी मधे पडले नाही. गंगाताईंनी तोडगा काढलाय. तिघी इकडे, तिघी तिकडे, आणि जेवण साकवावर, पाऊस उघडला तर.

चहाची साखर पुन्हा कमी झाली आहे. आल्यावर तो विषय काढू नकोस.

तुझी,
कौसर

ता. क. : पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज शाळेचा पाचवा दिवस. रात्रीपासून पाऊस, पऱ्या दोन्ही काठ भरून वाहतोय. मी पट उघडला आणि ती चार नावं सलग पुकारली. तिघींनी “हजर” म्हटलं. आरोहीचं नाव घेतलं आणि वर्ग सवयीने गप्प झाला. मी मान खाली घालून पुढच्या नावावर बोट नेलं. तेवढ्यात दारातून आवाज आला, “हजर, बाई! साकवावर चाचा नि दादा भांडत उभे होते, वाट देईनात.”